आदी जातं, मागून विहीर

कडूबाई पाथरवटीण कवा जन्मली ते तिला सांगता यायचं न्हाई. "वालूरच्या पाटलांचं थोरलं जातं बसलं ना, त्याच्या मागल्या उन्हाळ्यात," म्हणायची. लगीन, नवऱ्याचं मरण, सगळं कुठल्या ना कुठल्या जात्याच्या आदी, न्हाईतर मागून. लोक हसायचे. त्या हसणाऱ्यांची तोंडं कशी बंद झाली ते मी ह्या डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगते.

मी कोकिळा, वालूरच्या नर्मदाबाईची लेक. निजामाचं राज्य होतं तवा. कडूबाई छन्नी-हातोडा घेऊन गावोगाव हिंडायची. दळून दळून गुळगुळीत झालेल्या जात्याला दर साली टाकी लावायची, म्हणजे दगड ठोकून पुन्हा खरबरीत करून द्यायची. टाकी झाली की तळीच्या, म्हणजे जात्याच्या दगडाच्या, कडेला एक बारीक खाच मारायची. दगडानं किती टाक्या सोसल्या ते दगडावरच कळावं, एवढ्यासाठी.

माझा बाप वारला, अन् चुलते किशनराव लगेच आमच्या विहिरीवर हक्क सांगायला लागले. विहीर बापानं वाटणीनंतर आपल्या वाट्यात खोदली होती. चुलत्यांचं म्हणणं, विहीर आदी झाली, सगळ्या घराच्या कष्टानं, वाटणी मागून झाली. तसं ठरलं असतं तर पाणी त्यांच्या मर्जीवर गेलं असतं. मिरचीच्या मळ्यावर तर आमचं पोट होतं! वाटणी तोंडी झालेली, कागद कुठला आणणार?

पाथरीच्या कोर्टात चुलत्यांच्या वकिलानं बैलगाडीतून आमचंच जातं आणवलं आणि मधोमध ठेवलं.

"हुजूर, वाटणी झाली की नव्या चुलीपाशी नवं जातं बसतं, हा इथला रिवाज. हे नर्मदाबाईचं वाटणीचं जातं. आणि दगड बघा, काळा कुळकुळीत, त्या विहिरीतून निघालेला. मग आधी काय झालं? विहीरच ना?"

चुलते मिशीवर ताव देत बसले. आई पांढरीफटक पडली. मला असा राग आला होता, की त्या मिशा उपटून काढाव्यात!

चुलत्यांशी वैर गावात कुणालाच नको होतं, म्हणून आमची साक्षीदार एकटी कडूबाई. वकिलानं तिला विचारलं, "हे जातं कोणत्या सरकारी फसली सालात बसवलं?"

"न्हाई सांगता येत."

"बरं, आज कोणतं साल चालू आहे?"

"ते बी न्हाई."

सगळं कोर्ट खो खो हसलं. वकील म्हणाला, "हुजूर, हिला आजचं साल ठाऊक नाही, आणि ही मागचं सांगणार!"

कडूबाई भडकली. "साल तुमच्या कागदावर ऱ्हातं, वकीलसाहेब. माझं दगडावर हाय. ये गं कोकिळे, धर इकडून!"

आमी दोघींनी वरची तळी उचलून बाजूला ठेवली. कडेवर साचलेलं पीठ तिनं पदरानं पुसलं, तशी खालची तळी तांबूस निघाली.

"वाटणीच्या दिवशी दोनी तळ्या तांबूस बसवल्या मी, माझ्या सासऱ्याच्या खाणीतल्या. पुढं वरली तडकली. त्या साली विहिरीचं काम चालू होतं, तिथलाच काळा दगड घेऊन नवी घडवली. किशनराव, जन्मात कवा पायलीभर दळलं असतं तर कळलं असतं, जात्याला दोन तळ्या असत्यात, अन् दोनी संगं मरत न्हाईत!"

आता लोक चुलत्यांना हसले. वकील गडबडला. हेच जातं वाटणीचं, असं तो स्वतःच बोलून बसला होता ना! आता कुठल्या तोंडानं माघार घेणार?

न्यायाला बसलेल्या मुन्सिफसाहेबांनी विचारलं, "दोनों में फर्क कितने साल का?"

"खाचा मोजा, साहेब. टाकीगणिक एक, साली एक."

साहेब खुर्चीवरून उतरले, जात्यापाशी उकिडवे बसले आणि कडेवरून बोट फिरवत मोजायला लागले. जुन्या खाचा हात लागून लागून गुळगुळीत झाल्या होत्या, आत पीठ घट्ट बसलेलं. खालच्या तळीला सात. वरच्या तळीला तीन.

"चार साल," साहेब म्हणाले. चुलत्यांनी मिशीवरचा हात खाली घेतला.

आठ दिवसांनी निकाल लागला. कोर्टाच्या कारकुनानं, शिरस्तेदारानं, घडाघडा उर्दूत वाचला. आमाला त्यातलं अक्षर कळंना. आईनं माझा हात असा आवळला होता, की बांगडी रुतली.

कडूबाई सरळ पुढं गेली. "साहेब, विहीर कुणाची, तेवढं आमच्या बोलीत सांगा."

शिरस्तेदार तिच्यावर खेकसला. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं आणि मोडक्या मराठीत स्वतः म्हणाले, "विहीर नर्मदाबाईची."

आई तिथंच ढसाढसा रडली. कडूबाईनं मात्र दोनी हात कमरेवर ठेवून वकिलाकडं असं बघितलं, असं बघितलं, की मला अजून आठवलं तरी गार वाटतं!

दुसऱ्या दिवशी आईनं स्वतः मोट हाकली. चुलते बांधापलीकडं उभे राहून बघत होते. कडूबाई मिरचीच्या वाफ्यात पाय सोडून बसली होती, आणि आमच्या विहिरीचं पाणी तिच्या पायांवरून खळखळत पुढं चाललं होतं.