न पडलेला कौल

मुलाचं लग्न ठरत आलं तेव्हाच माझी देवावरची श्रद्धा डळमळली. सासऱ्यांपाठोपाठ माझे यजमानही स्नायूंच्या आजारानं अंथरुणाला खिळून गेले होते. यजमानांच्या एका जनुकात डॉक्टरांना बदल दिसला होता. तोच आता धडधाकट मुलातही निघाला. "हा बदल घातक आहे की निरुपद्रवी, सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आपल्याकडच्या लोकांची तपासणीच फार कमी झालीय. घरातलं कुणी वयस्क, निरोगी माणूस रक्त देईल का?"

माणूस होतं ना! आमच्या मांडवीच्या घरातच राहणारे माझे धाकटे दीर, साठी उलटूनही आंब्याच्या पेट्या एकट्यानं उचलणारे. तरुणपणी वडिलांचे हाल पाहून त्यांनी लग्नच केलं नाही. वेळणेश्वरची एक मुलगी सगळं ठाऊक असून लग्नाला तयार होती. भाऊजींनी देवीला कौलसुद्धा लावू दिला नाही. आता रक्त द्यायलाही नको म्हणाले. भीती मला कळत होती, तरी राग आलाच.

शेवटी गावी ग्रामदेवीला कौल लावला. गुरवांनी देवीच्या दोन्ही खांद्यांना पाकळ्या चिकटवून, मुलाचं लग्न करावं का, असं गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकही हलेना. मी रडकुंडीला आले. मनात म्हटलं, तूही तोंड फिरवलंस ना आई!

"आई काय बोलत नाय वो," गुरव म्हणाले. "आधी तुमच्यातच काय ऱ्हायलांय ता बगा."

मागे खांबाशी बसलेले भाऊजी उठले. "वहिनी, देवी माझ्यासाठीच खोळंबलीय. चला, देतो रक्त."

तोच बदल त्यांच्यातही निघाला, आणि तरी ते या वयात ठणठणीत होते. पुढे डॉक्टरांनी आमच्या भागातल्या आणखी निरोगी लोकांचं रक्त तपासलं. कितीतरी जणांत तो सापडला. बाहेरच्यांत दुर्मीळ म्हणून संशयित ठरलेला बदल आमच्याकडे सर्रास होता. यजमानांचा आजार कशामुळे, ते अजून कळलेलं नाही. पण हा बदल त्याचं कारण नव्हता.

"म्हणजे माझंही लग्न झालं असतं," भाऊजी म्हणाले.

सून घरात आली. देवीनं मला भरभरून दिलं, पण त्यातूनच भाऊजींचं एकटेपण विनाकारण होतं हे कळलं, याची हुरहुर जात नाही. भीतीसुद्धा तिच्या पायाशी ठेवायची असते, हे आम्हाला फार उशिरा समजलं.

लग्नानंतर भाऊजी एकटेच गावी जाऊन आले. "काय मागितलंत?" मी विचारलं.

"काही नाही. तरुणपणी लावायचा कौल राहिला होता, तो लावून आलो."

कुठली पाकळी पडली, ते विचारायचा मला धीर झाला नाही.