उतरत्या खांद्याचा कागद

तीस वर्षांची मापं मी एका सकाळी रद्दीत काढली. कुणाचं ऐकून नाही, स्वतःच्या अकलेने. वय तेव्हा साठीला टेकलेलं, अक्कल मात्र सोळाचीच.

नवागामच्या गल्लीत मी ब्लाउज शिवायचे. एखादीचं ब्लाउज नीट बसलं की त्याचं खाकी कागदावर कटिंग करून ठेवायचं आणि कोपऱ्यात खूण लिहायची. ‘जिन्यावरची’, ‘दोन जुळ्यांची आई’, ‘भांडखोर’. त्या भांडखोरने एकदा स्वतःचा कागद वाचला आणि खूण बरोबर असल्याचं गल्लीभर सिद्ध केलं. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत अशी सगळी गल्ली घडी घालून ठेवलेली असायची. पेटी उघडली की कागदाचा आणि मशीनच्या तेलाचा मिळून एक वास यायचा. तो अजून नाकात आहे.

शेजारीण जालन्याकडची. लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरून भरून तिचा डावा खांदा उतरलेला. तिचं ब्लाउज मी तीनदा उसवलं. चौथ्यांदा बसलं, तेव्हा बाई आरशासमोरून हलेना. तिच्या कागदावर मी लिहिलं, ‘उतरता खांदा’.

मग गुजराती शाळेत शिकलेल्या नातीने माझ्या फोनमध्ये मापांचं ॲप घालून दिलं. दर महिन्याला तीच पैसे भरणार, आणि मापं म्हणे ढगात राहणार. “आजी, बधुं सेफ छे!” झालं. सगळ्या कटिंगचे फोटो आणि आकडे त्यात चढवले आणि मी फोन नाचवत हिंडू लागले. कुणी ‘शिवणवाल्या काकू’ म्हटलं तर सांगायचे, “डिझायनर म्हणा.” शेजारीण तेव्हा चलथाणला मुलाकडे राहायला निघालेली. पेटी रिकामी होताना बघून म्हणाली, “हे कागद नेऊ का गं, फळीवर अंथरायला?”

“ने की. मला काय करायचाय तो कचरा?”

पुढे नातीचं लग्न झालं, बँकेचं कार्ड बदललं, पैसे भरायचे राहून गेले. माझंही शिवण गुडघ्यांमुळे जवळजवळ बंदच होतं. माझी मशीन नवऱ्याने सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलेली, पैसे त्या दिवशी दिले तेवढेच. वर्ष-वर्ष झाकून ठेवली तरी दोन थेंब तेल घातलं की पुन्हा सुरू. मधल्या महिन्यांचं भाडं तिने कधी मागितलं नाही.

गेल्या थंडीत शेजारणीचा फोन आला. नातवाचं लग्न होतं. “रेडिमेड खांद्यावरनं घसरतंय. तुझ्या हातचं घालीन, नाहीतर शाल गुंडाळून बसंन कोपऱ्यात.” कापड माझ्याकडे पोचलं तेव्हा हळदीला चार दिवस उरलेले. ॲप उघडलं, तर कुलूप. नातीने तिकडून पैसे भरले. कुलूप निघालं आणि आत एकही माप नाही. खातं बंद पडलं की ठरावीक दिवसांनी सगळं पुसतात म्हणे.

“आजी, ते अटींमध्ये लिहिलेलं होतं.”

माप हरवल्यावर मी गिऱ्हाइकाला असं उत्तर दिलं असतं, तर भांडखोरने मला मशीनसकट गल्लीत फेकलं असतं.

नव्याने माप घेता आलं असतं, पण तो खांदा टेपला फसवतो, आणि तीनदा उसवायला आता दिवस नव्हते. तरी टेप पिशवीत घातली आणि चलथाण गाठलं. तिच्यासमोर बसून सगळं कबूल केलं. ढग, कुलूप, आणि माझं डिझायनरपणसुद्धा.

ती उठली, स्वयंपाकघराच्या फळीवरचे डबे एकेक करून माझ्या हातात देत गेली. शेवटच्या डब्याखालून हळदीचे डाग पडलेला खाकी कागद निघाला. कोपऱ्यात माझंच अक्षर. माझे दोन्ही हात डब्यांनी भरलेले, डोळे पुसायचीही सोय नाही.

कागद माझ्या खांद्यावर टाकत ती म्हणाली, “खांदा माझा हाय गं माय, कागद काय तुझ्या फोनच्या भरवशावर सोडू? आता रडू नको, डबे होते तसे लाव. आन् खालच्या फळीवर मसाल्याखाली तुझी ती भांडखोर हाय, तिलाबी घेऊन जा.”