खिडकीखालचा थापाड्या

इथेल मथायसवर मी कधीच विश्वास ठेवला नाही, आणि आजही पुरता ठेवत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची फसगत नको.

मी आयुष्यभर वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. खाटकाची तागडी, पबमधला ग्लास, पेट्रोलपंपाचा काटा, सगळं तपासलं. एखादा दुकानदार मला बघून गोड हसायला लागला की मी आधी त्याच्या पारड्याखाली बोट फिरवायचो, आणि बहुतेक वेळा काहीतरी चिकटवलेलं सापडायचंच. म्हणून वेल्समधल्या आमच्या सेंट डेव्हिड्समध्ये मला ‘बेनन तागडी’ म्हणतात, अर्थात माझ्या पाठीमागे. इथेलला ‘बसवाला इथेल’ म्हणतात, तेही तोंडावर, आणि तो खुशाल ओ देतो.

त्यानं जन्मभर जवळच्या हॅवरफर्डवेस्ट गावाची बस चालवली. बस कमी, तोंड जास्त. मान मागे वळवून तो गोष्टी सांगायचा, हसता हसता उतारू आपला थांबा विसरायचे आणि हा थांबवायला विसरायचा. माझ्या घरासमोरच्या चहाच्या दुकानातली मिसेस पर्किन्स तर सख्ख्या मावशीच्या दफनाला उशिरा पोचली ती ह्याच्यामुळे. पण तिला विचारा, ती अजून ती गोष्टच सांगत बसेल. पुढे त्याची नजर अधू झाली आणि परवाना गेला. बायको त्याआधीच गेली होती. देवाघरी नव्हे, स्वान्सीला, एका गालिचेवाल्याबरोबर. ह्या एका गोष्टीवर इथेल कधी विनोद करत नाही. मला तेही संशयास्पद वाटायचं.

घरी बसून त्याला करमेना. मग एका वसंतात तो छत्रीच्या टोकाला लीक, म्हणजे वेल्सचं मानचिन्ह असलेली कांद्याची जाडजूड पात, बांधून चौकातल्या क्रुसापाशी उभा राहिला आणि पाहुण्यांना म्हणाला, “चला, शहर दाखवतो. हसू आलं नाही तर पैसे परत.” आता हे शहर ते केवढं! चौकात कुणी शिंकलं तर शेवटच्या घरातून ‘देव भलं करो’ ऐकू येतं. कॅथेड्रल आहे म्हणून शहर म्हणायचं, नाहीतर खेडंच. अर्ध्या तासात सगळं पाहून होतं, आणि इथेलची फेरी दोन तास चालते. उरलेला वेळ तो कशानं भरत असेल ते सांगायला नको. सोमवारी ती लीक ताठ असते, शनिवारपर्यंत तिची मान पडते आणि रविवारी तिचं सूप होतं.

ह्या फेरीचा एक मुक्काम माझ्या खिडकीखाली. गोट स्ट्रीटवर एवढी घरं असताना माझ्याच खिडकीखाली का, ही शंकेची पाल पहिल्या दिवसापासून माझ्या मनात चुकचुकत होती.

“मंडळी,” तो सुरू व्हायचा, “ह्या घरात बिशपचा बोकड राहायचा. मोठा विद्वान बोकड. बिशप आजारी असला की प्रवचन तोच द्यायचा, आणि लोकांना फरक कळायचा नाही.”

मी खिडकी उघडायचो. “खोटं! साफ खोटं! अरे लबाडा, हे घर माझ्या आजोबांनी बांधलं!”

“बघा,” इथेल म्हणायचा, “वंशज अजून इथेच राहतात.”

आणि लोक टाळ्या वाजवायचे! त्यांना वाटायचं, मी भाड्यानं ठेवलेला नट आहे. एका बाईनं तर वर चॉकलेट फेकलं. मी ते परत फेकलं, तर त्यालाही टाळ्या. रोज मी त्याला नवीन शिवी शोधून ठेवायचो. तो यायच्या वेळेला दाढी करून, कॉलर नीट करून तयार असायचो. शिवी देतानासुद्धा माणसानं नीटनेटकं असावं.

फेब्रुवारीत मी जिन्यावरून घसरलो. हाड मोडलं नाही, पण कार्डिफला माझी मुलगी लाउरी असते, तिच्या कानावर गेलंच.

“बाबा, कारमार्थनला एक छान जागा आहे. बाग आहे, नर्स आहे.”

मी जाऊन पाहून आलो. भिंतीला लावून आरामखुर्च्या, त्यांत माणसं, आणि सगळे एकमेकांचं म्हणणं मान्य करत होते. माझ्या अंगावर काटा आला.

“मी माझ्या घरातच राहणार,” मी म्हणालो. “तुझी आई ह्याच घरातून गेली, मीही इथूनच जाणार.”

“उन्हाळ्यापर्यंत बघू,” लाउरी म्हणाली. “पण तुमचं एकट्यानं जमत नाही असं जरा जरी वाटलं ना, तर मी काही ऐकून घेणार नाही.”

तेव्हापासून मी इथेलवर दुर्बीण लावली. फेरी संपली की तो क्रुसामागे जायचा, माझ्या खिडकीकडे बघायचा आणि फोन लावायचा. रोज. नक्की पाणी मुरत होतं. आमच्या खात्यात अशा वेळी एक उपाय असायचा. ज्याचं वजन आपल्याला पक्कं ठाऊक आहे असं माप गुपचूप पारड्यात टाकायचं आणि काटा कुठे जातो ते बघायचं.

मी इथेलला एकट्याला गाठलं. म्हटलं, “कुणाला सांगू नकोस, मी मोटारसायकल घेतोय.”

“वा, मिस्टर बेनन! लाल घ्या.”

संध्याकाळी लाउरीचा फोन. “बाबा, ही मोटारसायकलची काय भानगड?”

सापडला रंगेहाथ! म्हणजे हा खिडकीखालचा विदूषक माझ्या मुलीचा हेर होता. माझी प्रत्येक आरोळी, प्रत्येक शिवी कार्डिफला पोचत होती. ‘म्हातारा खिडकीतून ओरडतो, लोकांवर चॉकलेटं फेकतो’ म्हणत असणार. अशा माणसाला कोण एकटं ठेवील?

मी ठरवलं, आता शहाण्यासारखं वागायचं. दुसऱ्या दिवशी बोकडाचं प्रवचन सुरू झालं. मी खिडकी उघडली, हसलो आणि म्हणालो, “छान चाललंय. चालू द्या.”

इथेलचं तोंड उघडंच राहिलं. पाहुणे वर बघत थांबले आणि मग हिरमुसून पुढे गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी इथेल दारात आला, छत्री काखेत, चेहरा त्या शनिवारच्या लीकसारखा.

“मिस्टर बेनन, बरं आहे ना तुम्हाला?”

“उत्तम.”

“काल मी तुमच्या आजोबांना चोर म्हणालो.”

“ऐकलं. मजेदार होतं.”

तो खाली मान घालून गेला. मी दार लावलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

शनिवारी मोठा घोळका आला. मागे कुणीतरी लाल पावसाळी कोटाची टोपी डोळ्यांवर ओढून उभं होतं. इथेलनं बोकड सांगितला, मी हसलो. मग तो म्हणाला, “वर जे सद्‌गृहस्थ दिसतात ते वजनमापं तपासायचे. बिअरच्या एका ग्लासात त्यांचा तराजू वाकायचा.”

हे मात्र फार झालं. मी खिडकीच्या चौकटीत नखं रुतवली. चाळीस वर्षांत मी कुणाकडून पाण्याचा ग्लाससुद्धा घेतला नव्हता. पण कारमार्थनच्या खुर्च्या डोळ्यांसमोर आणल्या आणि हसलो.

इथेलनं मागे त्या लाल कोटाकडे पाहिलं. मग टोपी काढली. एरवी गोष्ट सांगताना तो कधी टोपी काढत नाही.

“आणि आमच्या चॅपलच्या पुरुषांच्या गायनवृंदात,” तो म्हणाला, “हे दुसऱ्या रांगेत उभे राहायचे. गायनमास्तरांनी त्यांना सांगितलं होतं, तोंड उघडा, तोंड मिटा, पण आवाज काढू नका. आणि हे तसेच उभे राहिले. वर्षानुवर्षं. एक सूर न काढता!”

ही गोष्ट माझ्या बायकोला, नेस्टालासुद्धा मी कधी सांगितली नव्हती.

“हरामखोरा!” मी ओरडलो. “ग्विदरमास्तरांनी मला ते दार लावून सांगितलं होतं! आम्ही दोघंच होतो! तुला कुणी सांगितलं? बोल, थापाड्या! आणि कोण म्हणतं मला गाता येत नाही? ऐक!”

आणि मी गायलो. ख्रिसमसचं स्तोत्र, उन्हाळ्यात, खर्जात, छाती फुटेस्तोवर. कॅथेड्रलच्या बाजूचे सगळे डोमकावळे उठले. ग्विदरमास्तरांची माझ्याबद्दल काही चूक झाली नव्हती, हे त्या दिवशी मला स्वतःलाच कळलं.

मी थांबलो. मग मिसेस पर्किन्स दारातून म्हणाली, “अहो मिस्टर बेनन, ते आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक आहे. पहिल्यापासून.”

मी खाटकांवर संशय घेतला, पाद्र्यांवर घेतला, पोस्टमनवर घेतला. आणि ज्या एका बाबतीत अख्खं शहर खरोखरच माझ्या पाठीमागे एक झालं होतं, तिची मला जन्मभर गंधवार्ता नव्हती. एकानंही कधी डोळा मारला नाही. फार लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त काहीतरी वाटलं.

लाल टोपी मागे सरली. लाउरी होती. हसत होती, आणि डोळे पुसत होती. वर येऊन ती माझ्या पलंगावर बसली.

“इथेलकाका रोज फोन करतात,” ती म्हणाली. “आज तुम्ही काय शिवी दिलीत ते सांगतात. शिवी नवीन असली की मी निर्धास्त. आणि ह्या आठवड्यात सांगायला लागले, बाबा नुसते हसतात. मी गाडी खोक्यांनी भरून आणलीय, बाबा. तुमचं सामान न्यायला.”

खोकी रिकामीच कार्डिफला परत गेली.

सोमवारी इथेल ताजी लीक घेऊन आला. लोक जमायच्या आधी मी त्याला खिडकीतून हाक मारली.

“काय रे, गायनवृंदात तू माझ्या शेजारीच उभा असायचास, त्या रांगेत. सगळं ऐकू येत होतं ना तुला? म्हणजे माझ्याकडून काहीच ऐकू येत नव्हतं ते?”

“येत होतं.”

“मग कधी बोलला का नाहीस?”

“काय बोलणार?” त्यानं छत्री खांद्यावर टाकली. “तुमचं तोंड नेहमी बरोबर वेळेला उघडायचं, मिस्टर बेनन. आम्ही सगळे खर्जवाले तुमच्याकडे बघून श्वास घ्यायचो. तुम्ही सर्दीनं घरी बसलात की आमची सुरुवात चुकायची.”

हे खरं की त्याच्या थापांपैकीच एक, ते तपासणं सोपं आहे. त्या रांगेतले अजून दोघेतिघे गावात आहेत, त्यांना विचारलं की झालं. मी अजून कुणालाच विचारलेलं नाही.