ओटीचे तांदूळ

धाकट्या जावेची चोरओटी आमच्या चंदीगडच्या सरकारी क्वार्टरमध्येच भरली. बायका चारच, हिरवा खण, नारळ आणि सासूबाईंनी साताऱ्याहून पिशवीत बांधून आणलेले तांदूळ. चोरओटीचा गाजावाजा करायचा नाही आणि ओटीतले तांदूळ तिनंच शिजवून खायचे, ही आमच्याकडची रीत. पण जावेला तेव्हा भाताचा वाससुद्धा सोसत नव्हता. ते तांदूळ स्टीलच्या डब्यात माझ्या फडताळात राहिले.

पुढे सोनोग्राफीत डॉक्टरीणबाईंनी पडदा स्वतःकडे वळवला. त्यांनी दुसरीकडे पुन्हा तपासायला लावलं, तिथंही तेच. बाळाला दोन्ही मूत्रपिंडं नव्हती, भोवती पाणी नव्हतं, त्यामुळे फुफ्फुसं वाढणार नव्हती. नऊ महिने पुरे झाले तरी ते जगणार नव्हतं. तोवर तेविसावा आठवडा लागला होता.

दीर इंजिनिअर. त्याला दुःख झालं की तो माहिती काढतो. आमच्या सोफ्यावर बसून मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "वहिनी, आम्ही राहतो झिरकपूरला, म्हणजे पंजाबात. हॉस्पिटल चंदीगडचं, ते केंद्राकडे. पलीकडे पंचकुला, तो हरियाणा. मग गर्भपातासाठी आमच्यावर हुकूम कुणाचा? तुमचा पत्ता दिला तर सोपं जाईल का?"

मी उखडलेच. "भाऊजी, नकाशा ठेवा बाजूला. बायकोकडे बघा."

ती खिडकीशी बसली होती. पोटावर हात ठेवायचा आणि उचलायचा, तेवढंच चाललं होतं.

सासूबाईंनी आवाज चढवला नाही. त्यांचे गुरुवार, त्यांची पोथी, त्यात कधी खंड नाही. शांतपणे म्हणाल्या, "देणारा तो, नेणाराही तोच. आपण मध्ये हात घालू नये. मला हे पाप वाटतं, आणि वाटतं ते मी बोलणार."

मला त्यांचा राग आला. पण खरं सांगायचं तर, एवढं सरळ बोलणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं. माझे यजमान तर दोन दिवस पेपरात तोंड घालून बसले होते.

जाऊ तेव्हा पहिल्यांदा बोलली. "आई, तुमचा देव तोच माझाही आहे. मी रोज विचारते त्याला. तो मला रागावत नाहीये."

सासूबाई उठून देवघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं हॉस्पिटलात गेलो. दिरानं पंजाब-हरियाणाचं पुराण तिथंही लावलं. डॉक्टरीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कायदा दिल्लीचा, सगळीकडे एकच, म्हणाल्या. चोवीस आठवडे उलटले की मात्र डॉक्टरांच्या बोर्डापुढे जावं लागतं, आणि ते बोर्ड ज्या त्या सरकारचं. अजून ती वेळ आलेली नव्हती; दोन डॉक्टरांचं मत पुरेसं होतं.

दिरानं खिशातून पेन काढलं. "मैं कहाँ साइन करूँ, डॉक्टर साहब?"

"आप कहीं नहीं, जी. न पति के साइन, न सास के. सिर्फ़ इनके."

इतके दिवस आम्ही सगळे डोकी लावून बसलो होतो, आणि विचारायचं होतं ते एकटीला. जावेनं त्याच्या हातातलं पेन घेतलं. दाखवलेल्या जागी सही केली.

दोन दिवसांनी, सगळं पार पडल्यावर, दुपारी तिला मी माझ्याकडेच आणलं. सासूबाई हॉस्पिटलात फिरकल्या नव्हत्या. आता घरात काय ऐकावं लागणार या धास्तीनं मी जिना चढले. दार उघडलं तर भाताचा वास. फडताळातला तो डबा ओट्यावर रिकामा पडलेला.

सासूबाईंनी जावेला पाटावर न बसवता पलंगावरच ताट दिलं. आसट भात, तूप, कडेला मेतकूट.

"ओटीचे आहेत," त्या म्हणाल्या. "तुझेच आहेत."

हॉस्पिटलात जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती जाऊ पहिला घास हातात घेऊन हमसून हमसून रडायला लागली. सासूबाई तिच्या शेजारी टेकल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"मला अजून पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "देवालाही तसं सांगितलंय. तू जेव."