एलरे गिड्री आणि बोटभर कमी पडलेला बॉल

एलरे गिड्री आमच्या लेक चार्ल्स गावात वाळवी मारायचा. वर्षातून एकदा, नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधल्या आठवड्यात, कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलचा बाउल, म्हणजे मोसमाअखेरचा मानाचा सामना, गावात भरला की तो मैदानाच्या कडेला साखळीचा पुढचा दांडा धरायचा. मागचा दांडा माझा. मधे दहा यार्डांची साखळी. चार प्रयत्नांत बॉल दहा यार्ड पुढे सरकला तर तुमचा, नाहीतर समोरच्यांचा. आणि सरकला की नाही हे डोळ्यांना कळेनासं झालं की पंच आम्हाला आत बोलवायचे. बावीस वर्षं आम्ही हे फुकट केलं. एक जाकीट मिळायचं आणि पोटभर सॉसेज.

बाउलचं नाव दर वर्षी बदलायचं. त्या वर्षी ते सेप्टिक टँक उपसणाऱ्या एका कंपनीचं होतं. जिंकणाऱ्यांना द्यायचा चषक पांढराशुभ्र, गोल आणि मधे खोलगट. तो कशासारखा दिसतोय हे सगळ्या गावाला दिसत होतं, पण बोलली फक्त एलरेची आई.

"यात बसायचं की यातून प्यायचं?" ममा यूलाने आयोजकालाच विचारलं.

ममा यूला चौऱ्याऐंशी वर्षांची, अंगाने काटकी आणि तोंडाने भारी. सगळं गिड्री घराणं सबाइन स्टेट विद्यापीठाच्या जांभळ्या संघाचं. कुत्रा जांभळ्या पट्ट्याचा, संडासाची सीट जांभळी. आणि एकोणीस वर्षं कुठल्याही बाउलचं तोंड न पाहिलेलं सबाइन स्टेट त्या वर्षी नेमकं आमच्याच गावात आलं, दुसऱ्या मोठ्या गटातल्या प्रेअरी टेक विद्यापीठाशी खेळायला.

साखळीवाल्यांचा नियम साधा. पांढरा शर्ट, चेहरा दगडाचा, टाळी नाही, शिवी नाही. कपडे बदलताना मी पाहिलं तर एलरेने आतून जांभळी चड्डी घातलेली.

"हे चालतं का रे?" मी म्हटलं.

"नियमात आतलं काही लिहिलेलं नाही, डोव्ही. तू वाकून बघू नकोस म्हणजे झालं."

सामना रटाळ झाला. बॉल पडायचा, कुणीतरी त्यावर पडायचं, त्याच्यावर आणखी दहा जण पडायचे. शेवटची दीड मिनिटं उरली तेव्हा सबाइन तीन गुणांनी मागे, चौथा प्रयत्न, आणि हवं होतं एकच यार्ड. त्यांच्या त्या बैलासारख्या पोराने बॉल पोटाशी धरून मुसंडी मारली. ढीग झाला. ढीग उपसला. पंचाने बॉल ठेवला, डोकं खाजवलं आणि आमच्याकडे हात केला.

आम्ही धावत आत गेलो. खुणेच्या जागी मी माझा दांडा रोवला. एलरे पुढचा दांडा घेऊन बॉलपाशी गेला. आता साखळी ताणून दांडा टेकवायचा, एवढंच काम. पण साखळी म्हणजे लोखंड; जरा ढिली सोडली तर पुढचा दांडा सहज दोन बोटं अलीकडे टेकतो, आणि ते पंचाच्या बापाला कळत नाही. हे मला माहीत होतं, एलरेला माहीत होतं, आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या ममा यूलालाही माहीत होतं.

चाळीस हजार माणसं गप्प झाली होती. त्यामुळे तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"एलरे, मुडद्या, ढिली सोड."

खरं सांगतो, मी असतो तर सोडली असती. एलरेने माझ्याकडे पाहिलं. कानाची पाळी लाल झाली होती. मग त्याने साखळी अशी ताणली की माझ्या हातातला दांडा हलला. दांडा टेकवला. बॉलचं टोक आणि दांडा यांच्यात बोटभर फट. आडव्या बोटाची.

पंचाने बॉल समोरच्यांना दिला. सामना तिथेच संपल्यात जमा झाला.

त्यानंतर गावाने त्याचं नाव 'बोटभर' ठेवलं. "बोटभर आहे का घरी?" असे फोन यायचे. तीन गिऱ्हाइकांनी सांगितलं की तुझ्यापेक्षा वाळवी परवडली. चर्चमध्ये फादर लँड्रींनी त्याला प्रसादाचा तुकडा दिला, तोही अर्धा. मुद्दाम की चुकून, देव जाणे. पण सगळ्यात वाईट म्हणजे प्रेअरी टेकच्या लोकांनी डुकराच्या मांडीचा धुरावलेला अख्खा हॅम पाठवला, सोबत आभाराची चिठ्ठी. एलरे दोन दिवस भडकलेला होता. हॅम त्याने ठेवून घेतला, कारण हॅम चांगला होता. चिठ्ठी मात्र परत पाठवली, मागे लिहून: 'मी तुमचा नाही.'

ममा यूला बोलणं बंद करून बसली. रविवारी तो जेवायला जायचा, ती ताट त्याच्यापुढे आदळायची आणि टीव्हीकडे तोंड करायची. जानेवारी गेला, मार्डी ग्राचा सण गेला. बायको म्हणाली, "माफी माग." तो म्हणाला, "कशाची? हातांची?"

शेवटी ईस्टरनंतर माझ्या अंगणात मोठ्या कोळंबीसारखे क्रॉफिश उकडायला घातले होते, तेव्हा म्हातारी आली. कागद पसरलेल्या टेबलापाशी त्याच्या समोरच बसली. बराच वेळ दोघं मुंडकी मोडून शेपट्या सोलत होते. मग ती म्हणाली,

"खरं सांग. मनात आलं होतं?"

"आलं होतं, ममा."

"मग?"

"हातांनी ऐकलं नाही."

"तुझ्या बापाने सोडली असती."

"हो."

"आणि पकडलाही गेला असता. त्या गाढवाला लग्नाची मागणी घालायची अंगठीसुद्धा नीट लपवता आली नाही." तिने बोटं चाटली. "तू कुणावर गेलास मला कळत नाही. माझ्यावर तर नाही."

"नाही, ममा."

"लाजही वाटत नाही. चाळीस हजार लोकांत आईचं ऐकलं नाहीस."

"चाळीस हजार लोकांत तू मला मुडद्या म्हणालीस."

"ते तर घरीही म्हणते," असं म्हणून तिने आपल्या वाटणीचं मक्याचं दाणेदार कणीस त्याच्याकडे सरकवलं, आणि ढिगातला सगळ्यात मोठा क्रॉफिश मात्र स्वतःकडे ओढला.

एलरेने त्यानंतर आणखी सहा वर्षं दांडा धरला. त्यातली चार वर्षं ममा यूला तिसऱ्या रांगेत होती, आणि चारही वर्षं काही ना काही ओरडली. सबाइन स्टेट मात्र अजून परत आलेलं नाही.