घोडीला आमंत्रण

आमच्या वाडीत घोडे कसे आले, असे विचारणाऱ्यांना आम्ही नवरा-बायको निरनिराळी उत्तरे देतो. यजमान निसर्गप्रेमाचा उल्लेख करतात, मी निवृत्तीनंतरच्या छंदाचा. खरे कारण एवढेच, की घोडे नकोत हे आम्हाला वेळेवर सांगता आले नाही. खाडीजवळची ही वाडी आम्ही ज्या वृद्ध टांगेवाल्या चाचांकडून घेतली, ते मुलाकडे कुवेतला निघाले होते. व्यवहार पुरा झाल्यावर ते म्हणाले, "बाई, जमीन घेतलीत, माड घेतलेत. आता ही दोन मुकी जनावरं मी विमानात कुठं बसवू?" मी उभी हयात संस्कृत शिकवण्यात घालवलेली. अश्व हा शब्द मला सर्व विभक्तींत चालवता येत होता. प्रत्यक्ष अश्व एक पाऊलही चालवता येत नव्हता. यजमानांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले. दुसरे कोणीतरी नाही म्हणेल, अशी दोघांचीही अपेक्षा होती. आमचे लग्नही, मला वाटते, याच पद्धतीने जमले होते.

अशा रीतीने एक पांढरी घोडी आणि एक बुटका तांबडा घोडा यांच्यासह आमचे वानप्रस्थ सुरू झाले. घोड्यांच्या घरात वर्षाची मोजणी वेगळी असते. पावसाळा म्हणजे खुरांची काळजी. पागेत ओल राहिली की खूर आतून कुजू लागतात, म्हणून पाण्याला वाट करून द्यायची, मुरूम पसरायचा, पेंढा रोज बदलायचा आणि तिन्हीसांजेला कडुलिंबाच्या पाल्याची धुरी करायची. या धुरीने डास वगळता इतर सर्व प्राणी हैराण होतात. आश्विनात दसऱ्याला घोड्यांची पूजा. तेव्हा आरती संपेपर्यंत घोडी स्वतःच्या गळ्यातली झेंडूची माळ खाऊन टाकते आणि भाविक तिच्या पायांवर डोके ठेवून प्रसन्न मनाने घरी जातात. दिवाळीनंतर शेजारचे बंगले उघडतात. शहरातली ही मंडळी शांततेच्या शोधात शनिवारी येतात आणि शांतता कमी पडू नये म्हणून आपापले स्पीकर बरोबर आणतात. कुंपणापलीकडून नाकाला रुमाल लावून ते विचारतात, "लीद ऑर्गॅनिकच असते ना?" मी असते म्हणून सांगते. यावर वाद घालण्याइतका अधिकार मला अजून आलेला नाही.

मग येतो लग्नांचा हंगाम, आणि तोच आमचा खरा कसोटीचा काळ.

आमच्या गावात लग्नाचे पहिले आमंत्रण ग्रामदेवीला जाते आणि दुसरे घोडीला. ही प्रथा चाचांच्या काळापासूनची. या घोडीच्या पाठीवरून वरात गेली की संसार मोडत नाही, असा समज आहे. जे मोडले, त्यांच्या नवरदेवाने बसताना उजव्याऐवजी डावा पाय आधी उचलला होता, असे नंतर निष्पन्न होते. नवरदेवाकडची माणसे ताटात अक्षता, भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा घेऊन गव्हाणीपाशी येतात. घोडीने गूळ खाल्ला की तिने आमंत्रण स्वीकारले. घोडीने गूळ नाकारल्याचे उदाहरण गावाच्या स्मरणात नाही. निवडणुकीत याला बिनविरोध म्हणतात.

गेल्या ज्येष्ठात पालीकडच्या एका शेतावरल्या घोड्यापासून आमची घोडी गाभण राहिली. घोडीला अकरा महिने लागतात, म्हणजे शिंगरू वैशाखात अपेक्षित होते. माघात तालुक्याचे पशुवैद्य येऊन तिला तपासून गेले. घोडीचे वय झालेले, गर्भ पहिलाच. "यापुढे पाठीवर कोणी बसायचं नाही," त्यांनी बजावले. "आणि आवाजाला सांभाळा. बिथरली, पडली, तर शिंगरू जाईल. कदाचित तीही जाईल." यजमानांनी मान डोलावली. मीही डोलावली. डोलावण्यात आम्ही दोघेही तरबेज आहोत.

पुढच्याच आठवड्यात ताट आले. नवरदेवाचे घर गावात वजनदार. वडिलांच्या पिढीपर्यंत मिठागरे होती. आता न्हावा शेव्याच्या बंदरावर त्यांचे ट्रेलर चालतात. ताट नवरदेवाच्या आईच्या हातात होते. सोबत त्यांचे भाऊ, म्हणजे नवरदेवाचे मामा होते, ज्यांच्याशिवाय गावात लग्न लागत नाही आणि भांडणही मिटत नाही. मी नकार मनात नीट मांडून ठेवला होता. "आपला आग्रह आमच्यासाठी सन्मानाचाच आहे," अशी मी प्रस्तावना केली, "तथापि सद्यःस्थितीत—"

"सन्मानच हाय, बाई," मामा म्हणाले, आणि माझी प्रस्तावना गव्हाणीशी पोचण्याआधी गुळाचा खडा पोचला. घोडीने तो खाल्ला.

"वैशाखात वरात," नवरदेवाच्या आई म्हणाल्या. मग त्यांचे लक्ष घोडीच्या पोटाकडे गेले. "अगो बाय, ही गाभन हाय?"

यजमान उत्साहाने पुढे झाले. "तेच सांगायचं होतं. दिवस अगदी वैशाखातलेच आहेत."

त्या माउलीने ताट खाली ठेवून दोन्ही हातांनी घोडीची दृष्ट काढली. "भरल्या पोटाच्या घोडीवर माझा पोर बसनार. बघ दादा, वर्षात पालना हलतो का न्हाय आपले घरात."

ज्या कारणासाठी आम्ही नाही म्हणणार होतो, त्याच कारणासाठी घोडी आता त्यांना अधिक हवी झाली. संध्याकाळपर्यंत गावभर बातमी झाली. पाहुण्या बायका येऊन घोडीच्या पोटाला हळद लावू लागल्या.

पुढचे दोन-अडीच महिने आम्ही पराक्रमाच्या योजना आखण्यात घालवले. यजमानांनी सुचवले, की घोडीला चिखल फासून तांबडी करावी. मी सुचवले, की त्यांनी पशुवैद्यांना मध्यस्थीला घालावे. पशुवैद्य गेले, चहा पिऊन परत आले आणि म्हणाले, "मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी मला मानाचा फेटा कबूल केला आहे." आम्ही एकमेकांना दररोज धीर देत होतो, की उद्या आपल्यापैकी कोणीतरी जाऊन सांगेल.

वरातीच्या दिवशी दुपार कलताच मंडळी वाडीच्या फाटकाशी आली. मामांच्या खांद्यावर जरीची झूल होती. मागे घरचाच ट्रेलर उभा होता आणि एरवी कंटेनर असतो त्या जागी स्पीकरांची भिंत रचलेली होती. कोणीतरी आवाज तपासून पाहिला. पहिल्याच ठोक्याला पागेचे पत्रे थरथरले. घोडी मागे रेटली, भिंतीवर आदळली, पुन्हा पुढे आली. तिच्या मानेवर घाम फुटला आणि पोटाची कातडी थडथडू लागली. यजमान तिचा कासरा धरून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी इतक्या वर्षांच्या संसारात पाहिले नव्हते.

मी जाऊन पागेच्या दारात उभी राहिले. प्रस्तावना सुचली नाही.

"बाई, जरा बाजूला व्हा," मामा म्हणाले. "लाथ बसंल तुमाला."

"ती येणार नाही."

"येनार न्हाय म्हंजे? गूळ खाल्लाय तिनं. गावानं बघितलंय."

"गूळ ती कोणाचाही खाते," आतून यजमान म्हणाले.

"ते तुमचं मत झालं, साहेब."

माझे पाय कापत होते, म्हणून मी मामांकडे पाहणे सोडून नवरदेवाच्या आईकडे पाहिले. "वहिनी, हिचं पोट म्हणजे तुमच्या घरचा शकुन, असं तुम्हीच म्हणालात. आज या आवाजात हिच्या पोटाला धक्का लागला, तर तो शकुन कोणाच्या घरी जाईल? तुमच्या सुनेचे दिवस भरले असताना तिला या भिंतीपुढे उभी कराल?"

मोगऱ्याच्या गजऱ्यांनी मढलेला तो सगळा जमाव नवरदेवाच्या आईकडे वळला. त्या माउलीचा चेहरा हळूहळू उतरला.

"दादा, ती झूल खाली ठेव."

"आगं पन मान—"

"खाली ठेव बोल्ली ना. आन बाजा बंद करा. पार देवळाचे पुढं जाईतो कुनी वाजवायचा न्हाय."

"मंग नवरा काय उडत जाईल?"

"पाय हायत त्याला. पोरगी बघाय गेलता तवा कुठली घोडी लागली?"

अशा रीतीने गावातली पहिली मूक वरात आमच्या फाटकावरून गेली. गल्लीतले हृदयविकाराचे रुग्ण कित्येक वर्षे ज्यासाठी अर्ज करत होते, ते एका घोडीच्या पोटाने साध्य केले. नवरदेव चालत होता. "मामा, बूट चावतायत," तो पुटपुटला. "चावूंदे," मामा म्हणाले, "सवय कर." बंगल्यातले पाहुणे गॅलरीत येऊन एकमेकांना विचारत होते, की गावात कोणी वारले का.

थोड्याच दिवसांनी एका पहाटे शिंगरू झाले. मायलेकरे सुखरूप होती. ते उंदरासारखे करडे निघाल्यामुळे गावाची किंचित निराशा झाली. पांढऱ्या घोडीची पोरे काळपटच जन्मतात आणि वयानुसार उजळतात, हे पशुवैद्यांनी फेट्यानिशी येऊन सांगितले, तेव्हा समाधान झाले. यजमान शिंगराजवळ खुर्ची टाकून बसू लागले. मला वाटू लागले, की नकार देणे हे फारसे अवघड शास्त्र नाही आणि मी त्यात उगाच उशिरा प्रवेश घेतला.

मग एके दिवशी नवरदेवाच्या आई नव्या सुनेला घेऊन शिंगरू दाखवायला आल्या. त्या यजमानांशी बोलत असताना सून माझ्याजवळ सरकली.

"बाई, वरातीच्या दिवशी तुम्ही आईंना काय सांगितलंत?"

मी सविस्तर सांगू लागले. तिने मध्येच थांबवले.

"घरात पाळण्याची खोली रंगवायला घेतलीय. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. मी बंदरावरच्या ऑफिसात नुकती कायम झालेय. मला इतक्यात नकोय."

"रंग कुठला?" मी विचारले. इतर काही विचारण्याचा धीर झाला नाही.

"अर्धा गुलाबी, अर्धा निळा."

घोडीला वाचवण्यासाठी मी जे पोट पुढे केले होते, ते या मुलीचे होते. ते उसने घेताना तिला विचारण्याचे मलाही सुचले नव्हते. "त्यांना नाही म्हणून सांग," मी हळूच म्हणाले. "आधी पाय कापतात. पण वाक्य छोटं ठेवलं की निभतं."

"तुम्ही बोलाल का त्यांच्याशी?"

मी "बघू" म्हणणार होते. ओठापर्यंत आले होते. "बोलेन," मी म्हणाले, "पण आधी तू बोल. मी शेजारी उभी राहते."

तेवढ्यात सासूबाई आल्या. "सूनबाई, आजपासून रोज यायचा आन शिंगराच्या पाठीवरून हात फिरवायचा. गुन येतो."

"रोज नाही जमायचं, आई," ती म्हणाली. "मला ड्यूटी असते. आणि खोलीचा रंग मला नकोय. आत्ता तरी नाही."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिले, मग बराच वेळ माझ्याकडे. मी माडांच्या शेंड्यांकडे पाहू लागले, आणि जागची मात्र हलले नाही.