अमरदीपचा जयभीम

हैदराबादेत एक सोय आहे. आडनावाचं एक अक्षर नावापुढं लावलं की काम भागतं. कुकटपल्लीतल्या सेंटरच्या पाटीवर आमच्या शेजारच्या मुलीचं नाव ‘एस. निशिगंधा, बिहेवियर थेरपिस्ट’ असं लिहिलंय. त्या ‘एस’च्या पोटात सोनकांबळे आहे, हे विद्यानगरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक, सेंटरमध्ये कुणालाच नाही. मी तिला ‘एसबाई’ म्हणून चिडवायचे. ती हसून विषय बदलायची.

पोर हुशार, यात वाद नाही. ऑटिझम असलेल्या मुलांना बोलायला-वागायला शिकवते. त्या कामाची रीत तिनं मला एकदा समजावून सांगितली होती. हवं ते वागणं दिसलं की लगेच बक्षीस द्यायचं, नको ते दिसलं की लक्षच द्यायचं नाही, म्हणजे ते हळूहळू विझतं. मी म्हटलं, नवऱ्यांवर चालतं का गं हे? खूप हसली होती.

तिच्याकडं अमरदीप यायचा. सहा वर्षांचा, चिक्कडपल्लीचा. बरोबर त्याची आजी, सरुबाई. मूळच्या परभणीकडच्या, गळ्यात बाबासाहेबांचं लॉकेट. पोरानं पाच वर्षं तोंडातून शब्द काढला नव्हता. आजी रोज सकाळी त्याच्यापुढं हात जोडून ‘जयभीम’ म्हणायची, आणि एके दिवशी त्यानंही ‘जयभीम’ म्हटलं. तोच त्याचा पहिला शब्द. मग काय, वॉचमनला जयभीम, भाजीवाल्याला जयभीम. सेंटरमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या त्यानं निशिगंधालाही खणखणीत जयभीम घातला.

रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं, “क्या बोल रा मॅडम इने?”

“कुच नै,” निशिगंधा म्हणाली. “ऐसाच, बेमतलब.”

बाहेर बाकावर बसलेल्या सरुबाईंनी त्याच दिवशी विचारलं, “म्याडम, तुमी कुठल्या?”

“इथलीच. हैदराबादची.”

मग काम सुरू झालं. ‘नमस्ते’ म्हटलं की साबणाचा फुगा, ‘जयभीम’ म्हटलं की सगळ्यांनी तोंड भिंतीकडं फिरवायचं. घरीही असंच करा, नाहीतर उपयोग नाही, असं तिनं सरुबाईंना बजावलं. शाळेत पोरं चिडवतील, असं कारण दिलं. ते अगदीच खोटं नव्हतं, हे मीही मानते. पण तिला भीती वाटत होती ती स्वतःसाठी. हे पोर एक दिवस सगळ्यांसमोर आपल्याला ओळखून टाकेल, अशी.

सरुबाई शिकलेल्या माणसाचं ऐकणाऱ्या. रोज सकाळी नातू हात जोडून उभा राहायचा आणि आजी भिंतीकडं बघायची. उन्हाळा संपायच्या आत तो शब्द विझला. सेंटरमध्ये निशिगंधाची वाहवा झाली.

गेल्या महिन्यात ती फोन घरी विसरली. तो द्यायला तिचे वडील तातेरावभाऊ मेट्रोनं कुकटपल्लीला गेले. भाऊ टपालखात्यातून निवृत्त झालेले, साधा माणूस. बाकावर बसलेल्या बाईंच्या गळ्यातलं लॉकेट दिसलं आणि त्यांनी सवयीनं हात जोडले.

“जयभीम, बाई.”

“जयभीम, दादा. लेकराला आनलंय का?”

“नाही, माझी लेक हाय ना इथं. निशिगंधा.”

तेवढ्यात दार उघडून निशिगंधाच बाहेर आली. सरुबाई तिच्याकडं बघत राहिल्या. ओरडल्या नाहीत, हीच मोठी शिक्षा झाली.

“मला वाटलं, म्याडमला ठाऊक नसंल,” त्या म्हणाल्या. “म्हनून म्या मुकाट्यानं केलं. लेकरू हात जोडून उभं, आन म्या भिंतीला तोंड करून. तुमाला तर समदं ठाऊक व्हतं की वो.”

तातेरावभाऊंना आधी काही कळलं नाही, मग सगळं कळलं. फोन लेकीच्या हातात ठेवून ते जिना उतरले. गल्लीत परतून माझ्या दारावरून गेले तेव्हा मी हाक मारली, तर वर बघितलंही नाही.

संध्याकाळी निशिगंधा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मान वर करेना. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, “काकू, त्याच्या जयभीमची मला लाज वाटली होती. आता तोंड कुठं लपवू?”

मला राग आला होता. दुसऱ्या समाजाच्या बाईनं हे केलं असतं तर आपण सेंटरवर मोर्चा नेला असता, असं मी तिला तोंडावर सुनावलं. तिनं ऐकून घेतलं. मग ‘एसबाई’ म्हणून खिदळणारी मीच, हे आठवलं आणि मी चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सेंटरच्या दारातच थांबली. अमरदीप आजीचं बोट धरून आला. सगळा स्टाफ तिथंच होता. निशिगंधा त्याच्यापुढं गुडघ्यावर बसली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, “जयभीम, अमरदीप.”

रिसेप्शनवरच्या मुलीनं मान वर केली. सरुबाईंनी नातवाला हलकेच पुढं केलं.

अमरदीपनं निशिगंधाकडं नीट पाहिलं. मग शहाण्या मुलासारखं तोंड भिंतीकडं फिरवलं, आणि फुग्यासाठी हात मागं पसरला.